आदळआपट, पोटदुखी आणि सुटका

गणिताच्या तासाला एक मुलगा वही भिरकावतो, बाईंना उलट बोलतो आणि वर्गाबाहेर जातो. त्याच वर्गातल्या एका मुलीचं गणिताचा तास असला की सकाळपासून पोट दुखतं आणि ती घरी राहते. मुलाची तक्रार त्याच दिवशी घरी पोहोचते. मुलीला डॉक्टरांकडे नेलं जातं, तपासण्यांत काही सापडत नाही आणि विषय मिटतो. एक ‘वाह्यात’ ठरतो, दुसरी ‘नाजूक’. पण घडलं काय ते नीट पाहिलं, तर दोघांचीही गणितातून सुटका झालेली आहे.

मुलांच्या मानसिक समस्यांचे हे दोन चेहरे अभ्यासकांना बऱ्याच काळापासून ठाऊक आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस आकेनबाख यांनी १९६६ मध्ये मुलांमधल्या लक्षणांचं विश्लेषण मांडलं, तेव्हा त्यांचे दोन मोठे गट पडले. मारामारी, नियम मोडणं, खोटं बोलणं यांचा त्रास इतरांना होतो. भीती, काळजी, उदासी आणि कारण न सापडणारी दुखणी यांचा त्रास मुख्यतः त्या मुलालाच होतो. अनेक मुलांत दोन्ही एकत्र असतात. शिवाय वरचा चेहरा फसवाही असतो. किशोरवयातलं नैराश्य नेहमी रडक्या चेहऱ्यानं येत नाही. कित्येकदा ते सततच्या चिडचिडीतून दिसतं. म्हणूनच नैराश्याच्या निदानाच्या निकषांत मुलांच्या बाबतीत उदासीऐवजी चिडचिडेपणाही ग्राह्य धरतात. ‘हल्ली फार उर्मट झालाय’ या वाक्यामागे आजार असू शकतो.

मग खरं कोण सांगतं? आईवडील म्हणतात घरी अगदी शहाणा आहे, शिक्षक म्हणतात वर्गात बसवत नाही. आकेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये अशा ११९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. पूर्ण एकमताला १ धरलं, तर आई आणि वडील यांच्यासारख्या एकाच भूमिकेतल्या माणसांचा मेळ सरासरी ०.६० होता, पालक आणि शिक्षक अशा वेगळ्या भूमिकांतल्या माणसांचा फक्त ०.२८. आणि मुलानं स्वतःबद्दल सांगितलेलं व मोठ्यांनी सांगितलेलं यांचा मेळ त्याहूनही कमी, ०.२२. यात कोणी खोटं बोलत असतं असं नाही. मूल जागा बदलली की वेगळं वागतं आणि त्याच्या मनातलं पुष्कळसं कोणालाच दिसत नाही. घर आणि शाळा यांच्यात ‘तुमचंच चुकतंय’ असा जो वाद रंगतो, तो मला म्हणूनच फार दुर्दैवी वाटतो. दोघांकडे असलेले अर्धे तुकडे जुळवायचे सोडून ते एकमेकांवर फेकले जातात.

आता पुन्हा सुटकेकडे येऊ, कारण बरीच गुरुकिल्ली तिथे आहे. जेराल्ड पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये आक्रमक मुलांच्या घरी जाऊन रोजच्या बोलाचालीच्या बारकाईनं नोंदी केल्या. त्यांतून एक साखळी पुढे आली. आई सांगते, खेळ बंद कर. मूल कुरकुरतं. आई आवाज चढवते. मूल किंचाळतं, वस्तू आपटतं. थकलेली आई म्हणते, बरं, खेळ मेल्या! आणि घर शांत होतं. मुलाला कळलं की किंचाळलं की नकोसं काम टळतं. आईलाही कळलं, माघार घेतली की किंचाळणं थांबतं. दोघांनाही त्या क्षणी बक्षीस मिळालं, म्हणून पुढच्या वेळी दोघंही तेच करतात, फक्त पट्टी चढत जाते. इथे कोणी वाईट नाही. दोन दमलेली माणसं एकमेकांना नकळत शिकवत असतात.

भीतीचंही असंच. शाळेला घाबरणारं मूल घरी राहिलं की छातीतली धडधड ओसरते. तो दिलासा इतका खरा असतो की दुसऱ्या दिवशी भीती आणखी वाढलेली असते. शिवाय ‘गेलो असतो तर जमलं असतं’ हे कळण्याची संधीच जाते. पालक प्रेमापोटी यात सामील होतात: तोच प्रश्न पन्नासदा विचारला तरी उत्तर देतात, रात्री शेजारी झोपतात, त्याच्या वतीनं बोलतात. येल विद्यापीठातले एली लेबोविट्झ यांनी नेमक्या याच गोष्टीवर उपचार बेतला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चिंतेचे विकार असलेली ७ ते १४ वर्षांची १२४ मुलं होती. एका गटात मुलांवर प्रचलित वर्तनोपचार झाले. दुसऱ्या गटात उपचारकांनी मुलांशी काम केलंच नाही, फक्त पालकांना शिकवलं: भीती खरी आहे हे मान्य करा, तुला ती पेलता येईल असा विश्वास दाखवा आणि तुमच्या सवलती हळूहळू कमी करा. दुसऱ्या गटाचे परिणाम पहिल्यापेक्षा कमी ठरले नाहीत.

हे करून पाहणाऱ्यांना एक गोष्ट आधी सांगायलाच हवी. जुनी सवलत बंद झाली की वागणं सुरुवातीला बिघडतं. किंचाळणं वाढतं, पोट जास्त दुखतं. नेमकं तेव्हाच घर हार मानतं आणि मूल शिकतं की आणखी जोर लावायला हवा. म्हणून बदल छोटा निवडावा, पण टिकवावा.

पण एक अट आहे आणि ती मी सगळ्यांत महत्त्वाची मानतो. सुटका कशापासून हवी आहे ते आधी शोधा. वर्गात कोणी छळत असेल, कोणी नको तिथे हात लावत असेल, तर भीती बरोबर आहे; तिथे मुलाला पुढे ढकलणं हा अन्याय आहे. अंकच उमगत नसतील, म्हणजे अध्ययन अक्षमता असेल, तर वही भिरकावणाऱ्या मुलाला शिस्तीची नव्हे, वेगळ्या शिकवण्याची गरज आहे. अवधान टिकत नसेल तर तोही मेंदूच्या विकासाचा प्रश्न आहे, हट्टाचा नव्हे. अपुरी झोपही तपासावी: १३ ते १८ वयात रोज ८ ते १० तास लागतात.

हट्ट, रुसवे, भीती प्रत्येक मुलात असतात. ते आठवडेच्या आठवडे टिकले, घर, शाळा, मित्र अशा अनेक ठिकाणी पसरले आणि अभ्यास, झोप, खाणं, खेळ यांच्या आड येऊ लागले की बालमानसोपचारतज्ज्ञाला किंवा मानसशास्त्रज्ञाला दाखवावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयोगटातल्या दर ७ जणांत एकाला मानसिक विकार असतो. तेव्हा यात लाजण्यासारखं काही नाही.

एका प्रश्नाला मात्र बहुतेक पालक बिचकतात: मुलाच्या मनात जीव देण्याचे विचार येतात का? विचारलं तर तो विचार आपणच पेरू, अशी भीती असते. मॅडेलिन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर हे तपासलं आणि २००५ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांना आत्महत्येबद्दल विचारलं, त्यांच्यात असे विचार वाढलेले आढळले नाहीत. म्हणून शंका आली तर सरळ विचारा, ‘जगू नये असं वाटतं का तुला?’ उत्तर ‘हो’ आलं तर ओरडू नका, समजावत बसू नका. ऐकून घ्या, औषधं आणि धोक्याच्या वस्तू हाताशी राहणार नाहीत हे पाहा, मुलाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी तज्ज्ञाकडे न्या.