कोमेजलेल्या गुलाबाला पाणी घालण्यापूर्वी

30 मे 2024 रोजी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश सेल्सिअस तापमान नोंदवले आणि बघता बघता तो आकडा देशभर पोहोचला. सेन्सरमध्ये बिघाड असल्याचे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले, परंतु खुलाशाला बातमीची गती नसते. शहराचा खरा उच्चांक 23 मे 2013 रोजीचा, 47.9 अंशांचा आहे आणि गुलाबाच्या दृष्टीने तोही पुरेसा आहे. अंशांच्या या चर्चेत गच्चीवर कुंड्या ठेवणारा माणूसही ओढला जातो. पारा पंचेचाळिशीला टेकला की तो दोन वेळा पाणी घालू लागतो, आणि जूनअखेरीस पारा 34 वर उतरल्यावरही झाड मान टाकते तेव्हा तो आणखी पाणी घालतो. पहिल्या वेळी त्याचे बरोबर असते, दुसऱ्या वेळी बहुधा चूक असते. दोन्ही वेळा झाड सारखेच कोमेजलेले दिसते, पण त्यामागची कारणे एकमेकांच्या अगदी उलट असतात.

पानाला केवळ तापमानाशी देणेघेणे नसते; हवा त्याच्याकडून किती पाणी ओढते, यावर बरेच काही ठरते. नागपूरकरांना हे कूलरमुळे ठाऊकच आहे. मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांमधून येणारा वारा खोली गार करतो, आणि मृगाच्या सरी पडून गेल्या की तोच कूलर नुसती दमट हवा अंगावर फेकत राहतो. पानाचेही तसेच आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे 2400 जूल उष्णता शोषली जाते, आणि ही उष्णता पानातूनच जाते. मात्र वाफ व्हायची तर हवेत तिला जागा हवी.

ही जागा मोजता येते. एखाद्या तापमानाची हवा बाष्पाने पूर्ण भरली (म्हणजे संपृक्त झाली) असता तिचा जो बाष्पदाब (तिच्यातील बाष्पाचा दाब) होईल, त्यातून प्रत्यक्षातला बाष्पदाब वजा केला की बाष्पदाबाची तूट मिळते. 43 अंशांची संपृक्त हवा सुमारे 8.6 किलोपास्कल बाष्पदाब दाखवते. मेमधील दुपारी सापेक्ष आर्द्रता 20 टक्के धरली तर प्रत्यक्ष बाष्पदाब 1.7 भरतो आणि तूट जवळपास 7 निघते. जूनअखेरीस 34 अंश आणि 65 टक्के आर्द्रता असताना ही तूट 1.9 च्या आत येते, तर ऑगस्टमधील 30 अंश आणि 80 टक्क्यांच्या हवेत ती 1 च्याही खाली जाते. हरितगृहात गुलाब पिकवणारे ही तूट 1 किलोपास्कलच्या आसपास राखण्याचा प्रयत्न करतात. याचा अर्थ असा, की मेमधील आपली हवा त्यांच्या हवेपेक्षा सातपट जोराने पानातले पाणी ओढत असते, आणि पानाच्या आतला भाग नेहमीच जवळजवळ संपृक्त असल्यामुळे त्याला त्यातून सुटका नसते.

सुटका नसली तरी बचाव असतो, आणि वनस्पतिशास्त्रात मला सर्वांत मोहक वाटणारी यंत्रणा हीच आहे. गुलाबाच्या पानाच्या खालच्या बाजूला सूक्ष्म पर्णरंध्रे असतात आणि प्रत्येक रंध्राच्या दोन कडांना मूत्रपिंडाच्या आकाराच्या दोन रक्षक पेशी असतात. सकाळच्या प्रकाशातील निळा भाग या पेशी ओळखतात आणि प्रोटॉन बाहेर ढकलू लागतात. त्यामुळे पेशीत ऋण विद्युतभार वाढतो, पोटॅशियमचे आयन आत खेचले जातात आणि त्यांच्यामागून परासरणाने पाणी येते. पेशींची आतली भिंत जाड आणि बाहेरची पातळ असल्यामुळे, तसेच भिंतीतले सेल्युलोजचे तंतू आडवे गुंडाळलेले असल्यामुळे, फुगलेली पेशी जाड न होता वाकते आणि दोघींच्या मध्ये फट पडते. या फटीतून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि बाष्प बाहेर जाते. झाडाने मुळांतून घेतलेल्या पाण्यापैकी 95 टक्क्यांहून अधिक पाणी याच वाटेने निघून जाते.

दुपारी मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की हा क्रम उलटतो. पाणी कमी पडलेल्या पानात ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते, ते रक्षक पेशींमधील ग्राहींना (संप्रेरक ओळखणाऱ्या प्रथिनांना) चिकटते, पेशीतील कॅल्शियमची पातळी उसळते, ऋणभारित आयनांच्या वाहिन्या उघडतात, पाठोपाठ पोटॅशियम बाहेर पडते, पाणी निघून जाते आणि सैल पडलेल्या पेशी रंध्र मिटून टाकतात. पाणी वाचते, पण त्याची किंमत मोजावी लागते. बाष्पीभवन थांबताच भर उन्हातले पान भोवतालच्या हवेपेक्षा अधिक तापू लागते आणि त्याच्या कडा करपतात. कार्बन डायऑक्साइड येणेही बंद होते. तेव्हा त्याला पकडणारे रुबिस्को हे विकर (एन्झाइम) अधिकाधिक वेळा ऑक्सिजनच पकडून बसते आणि आधी कमावलेल्या कार्बनचाही काही भाग वाया जातो. मेमधील गुलाब पाणी असूनही वाढत नाही, त्यामागे हे कारण आहे. अशा झाडाला खताचा जादा डोस देणे म्हणजे पैसे घालवून मुळे पोळून घेणे होय.

आता पावसाळ्याच्या तोंडावरचा गुलाब पाहू. येथे हवेची ओढ कमी आहे, कुंडीतली माती ओली आहे, तरीही पाने लोंबतात आणि खालची पिवळी पडतात. दोष मुळांशी आहे. मूळ जिवंत असते म्हणजे श्वसन करते, आणि त्यासाठी लागणारा ऑक्सिजन त्याला मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून मिळतो. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, त्या अवस्थेत या पोकळ्यांमध्ये पाणी आणि हवा दोन्ही असतात. पोकळ्या पाण्याने भरून गेल्या तर ऑक्सिजनचा प्रसार हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजारपट मंद होतो. शिवाय पाणी 25 अंशांवरून 40 अंशांवर गेले की त्यात विरघळू शकणारा ऑक्सिजन लिटरमागे 8.3 वरून सुमारे 6.4 मिलिग्रॅमवर येतो, आणि त्याच वेळी उष्णतेमुळे मुळांच्या श्वसनाची गरज मात्र वाढलेली असते. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, त्यामुळे कुंडीत ती एकटीच भरली तर वाफसा जवळजवळ येतच नाही. वाळू, विटांचा चुरा आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळल्याशिवाय ती गुलाबाला देऊ नये.

गुदमरलेल्या मुळाच्या पेशींमधील द्रव आम्लधर्मी होतो आणि त्यामुळे पेशीपटलांतील ॲक्वापोरिन ही पाणी वाहून नेणारी प्रथिने बंद होतात. या प्रथिनांच्या शोधासाठी पीटर ॲग्री यांना 2003 च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा मिळाला होता. दारेच मिटल्यामुळे मूळ पाण्यात असूनही झाड तहानलेले राहते, आणि आपण वरून आणखी पाणी ओततो.

दोहोंतला फरक ओळखायला उपकरण लागत नाही. कोमेजलेल्या झाडाकडे दुसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वी पाहावे. रात्रभरात पान आणि माती यांच्यातील पाण्याचा ताण बराचसा सारखा होतो. म्हणून पहाटे पाने ताठ असतील तर दुपारचे कोमेजणे हे केवळ हवेच्या ओढीमुळे होते आणि त्यासाठी धावपळ करण्याचे कारण नाही. पहाटेही पाने लोंबत असतील तर मातीत दोन पेरे बोट खुपसावे. माती कोरडी असल्यास भरपूर पाणी द्यावे. बोटाला चिखल आणि कुबट वास लागल्यास पाणी थांबवावे, खालची ताटली काढावी, कुंडी विटांवर उचलून ठेवावी आणि तळाचे भोक मोकळे करावे.

गुलाब कोमेजण्याचे आणखी एक कारण आपल्या समाजात अजून सांगितले जाते, ते म्हणजे मासिक पाळीतील स्त्रीचा स्पर्श. हा समज केवळ निरक्षरांचा नव्हे. घटसर्पाच्या चाचणीमुळे प्रसिद्ध झालेले व्हिएन्नातील डॉक्टर बेला शिक यांनी 1920 मध्ये, मोलकरणीच्या हातून फुले कोमेजल्याचे पाहून, अशा काळात शरीरातून विष बाहेर पडते असा सिद्धान्त मांडला आणि त्यावर पुढे अनेक वर्षे प्रयोगही झाले. असे कोणतेही विष सापडले नाही. पर्णरंध्रांना प्रकाश, पाणी, उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड कळतो. विटाळ कळत नाही.

जागेचा विचार करताना सूर्याची वाट लक्षात घ्यावी. नागपुरात 26 मेच्या सुमारास, म्हणजे नवतपाच्या (मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या) दिवसांत, मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि उन्हाळ्याच्या या टप्प्यात तो पूर्वेच्या बराच उत्तरेकडे उगवतो. म्हणून घराच्या ईशान्य बाजूच्या कुंड्यांना सकाळचे कोवळे ऊन मिळते आणि दुपारची भट्टी टळते. गच्चीवर पर्याय नसेल तर 50 टक्के सावली देणारी हिरवी जाळी झाडाच्या वर दोन-तीन फूट अंतर ठेवून बांधावी, म्हणजे वारा खेळता राहील. काळ्या प्लास्टिकची कुंडी उन्हात मुळे शिजवते. मातीच्या कुंडीच्या भिंतीतून पाणी झिरपून तिची वाफ होत असल्यामुळे ती थंड राहते.

रोगांनाही हवा कळते. कोरड्या मेमध्ये पानांखाली लाल कोळी वाढतात, त्यांच्यासाठी पहाटे पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा पुरतो. पाऊस सुरू झाल्यावर हाच फवारा घातक ठरतो, कारण काळ्या ठिपक्यांच्या बुरशीचे बीजाणू रुजण्यासाठी पान सलग सात तासांच्या आसपास ओले राहावे लागते.

राहता राहिला प्रश्न फुलांचा. उन्हाळ्यातली फुले लहान, फिकट आणि विरळ पाकळ्यांची येतात, यात कलमाचा किंवा रोपवाटिकेचा दोष नसतो. रानटी गुलाबाला बहुधा पाचच पाकळ्या असतात. बागेतल्या गुलाबाच्या जादा पाकळ्या म्हणजे पुंकेसरांच्या जागी वाढलेल्या पाकळ्या होत. पुंकेसर घडवणाऱ्या जनुकाचे काम थंडीत मंदावते आणि पाकळ्या वाढतात, उष्णतेत उलट घडते. शिवाय लाल-गुलाबी रंग देणारी अँथोसायनिनेही कमी तयार होतात. त्यामुळे मे-जूनमधील कळ्या लहान असतानाच खुडाव्यात, पाने मात्र एकही तोडू नये, आणि छाटणी पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात करून कापलेल्या टोकांना बोर्डोमलम (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावावा.