रोहू तळ्यात वाढतो, पण वंश वाहत्या पाण्यातच वाढवतो

नागपूरहून उमरेड-भिवापूरच्या पुढे गेलं, की धानाच्या बांध्यांच्या मधूनमधून मातीच्या लांबलचक पाळी, म्हणजे तलावांचे बांध, दिसू लागतात. हे माजी मालगुजारी तलाव, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचे मामा तलाव. पूर्व विदर्भात ते साडेसहा हजारांहून जास्त आहेत. गोंड राजवटीपासून कोहळी आणि इतर शेतकरी समाजांनी ते बांधले धानाला पाणी मिळावं म्हणून, पण त्यांच्या काठच्या ढिवर-भोई कुटुंबांचं पोट चालतं ते पाण्यातल्या मासळीवर. पावसाळ्यात तलाव भरू लागले की गावची मच्छीमार सोसायटी प्लास्टिकच्या पिशव्यांतून मासळीचं बीज, म्हणजे माशांची बारीक पिल्लं, आणते आणि पाण्यात सोडते. पुढच्या वर्षी परत आणते. त्याच्या पुढच्या वर्षी परत.

तलावात आधीच रोहू आहे, कटला आहे. मग बीज दरवर्षी विकत का आणावं लागतं?

रोहू, कटला आणि मृगळ हे नदीचे मासे आहेत. तळ्यात ते खातात-पितात, दोन-तीन किलोंचे होतात, मादीच्या पोटात अंडीही धरतात. पण साचलेल्या पाण्यात ती अंडी शेवटची पायरी ओलांडत नाहीत. नदीला पूर येतो, पाणी गढूळ होतं, काठावरच्या उथळ भागात पसरतं, प्रवाहाचा जोर अंगाला लागतो, तेव्हा माशाच्या मेंदूला इशारा मिळतो. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी संप्रेरक सोडते आणि अंडी पक्व होऊन बाहेर पडतात. तळ्यात हा इशारा सहसा येतच नाही. हंगाम संपला की अंडी मादीच्या शरीरातच विरून जातात. बंगालमध्ये बांकुराकडे असे बांध आहेत, ज्यांत पहिल्या जोरदार पावसाचं पाणी धो-धो शिरतं आणि तिथे हे मासे अंडी देतात. तेही वाहत्या पाण्याच्या जोरावरच.

त्यामुळे १९५७ पर्यंत रोहू-कटल्याचं बीज म्हणजे बहुतांशी पुरात नदीकाठी बारीक जाळी लावून गोळा केलेलं बीज. त्यात कुठल्या माशाची पिल्लं आली हे मोठी झाल्याशिवाय कळत नसे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी दुसऱ्या माशाच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी द्यायला लावलं. पुराने द्यायचा इशारा सुईने दिला. १० जुलै हा दिवस आपण राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतो, तो याचसाठी. नागपूरच्या मंगळवारी बाजारात बर्फावर मांडलेल्या रोहूमागे हे काम उभं आहे, आणि मला ते भारतीय शेतीतल्या मोठ्यातल्या मोठ्या शोधांमध्ये धरावंसं वाटतं. आता ग्रंथी काढत बसावं लागत नाही, तयार संप्रेरक मिळतं. संध्याकाळी टोचलं की पहाटेपर्यंत अंडी मिळतात. एक किलोची मादी दोन-अडीच लाख अंडी देते आणि पाणी २८-३० अंशांवर असेल तर पंधरा-अठरा तासांत ती फुटतात.

जगात इतरत्र डोंगरातल्या दुर्गम तळ्यांत ट्राउट मासा सोडतात, तिथेही अडचण हीच. रेनबो ट्राउटची मादी वाहत्या, थंड ओढ्यातल्या खड्यांमध्ये शेपटीने खळगा करते आणि त्यात अंडी घालते. खड्यांमधून ताजं पाणी सतत वाहिलं तरच ती जगतात, आणि १० अंशांच्या पाण्यात फुटायला महिनाभर घेतात. ज्या तळ्याला असा ओढा येऊन मिळत नाही, तिथे ट्राउट वाढतो पण वंश टिकत नाही. म्हणून बीज बाहेरून न्यावं लागतं. अमेरिकेच्या पश्चिम भागात रस्ता नसलेल्या तळ्यांवर ते पूर्वी खेचरांवरून नेत, पुढे विमानातून सोडू लागले. पिल्लू दोन-तीन इंचांचं आणि हलकं असल्याने हवेच्या विरोधामुळे त्याचा वेग फारसा वाढत नाही, आणि बहुतेक पिल्लं जिवंत पाण्यात पडतात.

ट्राउट आपल्याकडेही आहे, पण काश्मीर, हिमाचल, निलगिरी अशा ठिकाणी. इंग्रजांनी सव्वाशे वर्षांपूर्वी अंडी बोटीने आणून काश्मीरच्या ओढ्यांत तो रुजवला. विदर्भात तो जगणार नाही, आणि कारण पाण्यातल्या प्राणवायूत आहे. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. पाणी गरम झालं की माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि पुरवठा कमी होतो. ट्राउटला पंचविशीच्या आसपासचं पाणीही सोसवत नाही. आपल्या उथळ तलावांचं पाणी मे महिन्यात तिशी सहज ओलांडतं.

रोहू ते सोसतो, पण त्यालाही मर्यादा आहे. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू तयार करतात, रात्री त्याही तोच वापरतात. त्यामुळे प्राणवायूची सगळ्यात मोठी टंचाई पहाटे असते, विशेषतः दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिलं तर. मासे पहाटे वर येऊन तोंडं उघडझाप करत असतील तर ते खेळत नसतात, गुदमरत असतात. उन्हाळ्यात शहरातल्या सांडपाणी मिसळलेल्या तलावात सकाळी मेलेली मासळी तरंगते, तेव्हा अनेकदा रात्रभरात हेच घडलेलं असतं.

आता बीज सोडायच्या वेळेकडे बघू. काठावर पिशव्या उतरवल्या की त्या बंदच पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवतात. मग तोंड उघडून तलावाचं पाणी थोडं थोडं आत घेतात, आणि शेवटी पिशवी आडवी धरून पिल्लांना आपली आपण बाहेर पडू देतात. आतलं आणि बाहेरचं तापमान जुळावं हे एक कारण सगळ्यांना माहीत असतं. दुसरं रसायनशास्त्राचं आहे. प्रवासात पिल्लांच्या श्वासातून कार्बन डायॉक्साइड साठतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी होतं. त्यांच्या शरीरातून निघालेला अमोनिया अशा पाण्यात बऱ्याच अंशी निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायॉक्साइड उडून जातो, आम्लता घटते आणि तोच अमोनिया विषारी होऊ लागतो. म्हणून तोंड उघडल्यावर पिशवी ताटकळत ठेवायची नसते. प्रवासाआधी पिल्लांना उपाशी ठेवतात तेही यासाठीच, पोट रिकामं तर घाण कमी. बीज मोजतानाही एकेक मोजत नाहीत. जाळीच्या वाटीत एकदा किती पिल्लं मावतात ते मोजायचं आणि मग वाट्या मोजायच्या.

पिल्लं केवढी हवीत, हा पैशाचा प्रश्न होतो. अंड्यातून नुकतंच आलेलं मत्स्यजिरे स्वस्त असतं, पण तलावात सोडलं तर बगळे, पाणकावळे आणि मरळीसारखे शिकारी मासे त्यातलं फारसं शिल्लक ठेवत नाहीत. बोटुकली, म्हणजे बोटाएवढं वाढवलेलं पिल्लू, महाग पडते, पण जगते. शक्य असेल तर सोसायटीने संख्येपेक्षा आकारावर खर्च करावा.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती सोडलेल्या माशांची नाही, आधीपासून असलेल्या माशांची. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतातली बरीच उंच तळी मूळची मासेविरहित होती. तिथे पिवळ्या पायांचे बेडूक होते आणि त्यांच्या भैरांना, म्हणजे शेपटीवाल्या पिल्लांना, बेडूक व्हायला दोन-तीन वर्षं लागत. हौशी मासेमारीसाठी ट्राउट सोडला, त्याने भैरं खाल्ली, आणि तळ्यामागून तळं बेडकांविना झालं. संशोधकांनी काही तळ्यांतून ट्राउट पूर्ण काढून टाकला तेव्हा बेडूक परत वाढले.

आपले मामा तलाव तर कधीच रिकामे नव्हते. मरळ, शिंगी, मागूर, झिंगे आणि कितीतरी लहान मासळी त्यांत पिढ्यान् पिढ्या आहे, आणि त्यांना नदीच्या पुराची गरज नाही. मरळ पाणगवतात जागा मोकळी करून तरंगती अंडी घालते आणि जोडी राखणीला थांबते. पिल्लं निघाली की त्यांचा लालसर-केशरी थवा पाण्याच्या वरच्या थरात एकत्र फिरतो आणि आईबाप खालून लक्ष ठेवतात. मरळ, शिंगी आणि मागूर हवेतूनही श्वास घेतात, त्यामुळे तलाव आटत आला तरी चिखल-पाण्यात तग धरतात. या मासळीचं बीज कुणी विकत आणत नाही. तिला लागतं ते पाणगवत.

आणि तेच कमी होतंय. गवत्या मासा (ग्रास कार्प) बेतापेक्षा जास्त सोडला तर तो पाण्याखालच्या वनस्पती साफ करतो. गाळ साचलेल्या काठावर बेशरम नावाची झुडपी वनस्पती वाढते आणि उथळ भाग व्यापून टाकते. गोंदिया जिल्ह्यात काही गावांतल्या ढिवर समाजाच्या बायकांनी तलावातली बेशरम उपटली आणि स्थानिक पाणवनस्पती परत लावल्या. असं काम आणखी गावांत व्हायला हवं, आणि त्याला बीजाइतकाच पैसा मिळायला हवा.

रोहू-कटला सोडूच नये असं मी म्हणत नाही. त्यांच्याशिवाय सोसायटीचा ठेका भरून निघत नाही, हे उघड आहे. मात्र मरळ-शिंगीची वीण पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यांत होते आणि बोटुकली सोडायची वेळही साधारण तीच. तेवढे आठवडे पाळीच्या विरुद्ध बाजूची उथळ, गवताळ पट्टी जाळ्यापासून मोकळी ठेवावी. बोटुकली तिथे न सोडता पाळीजवळच्या खोल पाण्यात सोडावी, म्हणजे ती मरळीच्या तोंडी कमी जाईल. गवत्या मासा किती सोडायचा हे ठरवण्याआधी त्या वर्षी तलावात गवत किती आहे ते नावेतून एकदा फिरून बघावं, आणि कमी असेल तर त्या वर्षी तो सोडूच नये.