घराण्यातली शुगर आणि आईच्या पोटातली शुगर

बेळगाव-खानापुराकडं कुणाच्या शुगरचा विषय निघाला की वाक्य ठरलेलं: "आमच्या घराण्यातच हाय बघा." मग आजोबा, आत्या, थोरले काका अशी यादी सुरू होते. या वाक्यात दोन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ असते. एक म्हणजे आईवडिलांकडून आलेली जनुकं. दुसरी म्हणजे आईच्या पोटात नऊ महिने काय मिळालं, काय कमी पडलं, त्यानुसार घडलेलं शरीर. दोन्ही जन्माआधीच्या, त्यामुळं दोन्हींना आनुवंशिक म्हणून लोक मोकळे होतात.

जनुकांची बाजू आधी उरकू. दुष्काळात तग धरायला उपयोगी पडलेली काटकसरी जनुकंच सुबत्तेत मधुमेहाला कारण होतात, अशी कल्पना जेम्स नील या शास्त्रज्ञांनी 1962 मध्ये मांडली. बहुतेकांना होतो त्या नेहमीच्या, म्हणजे टाइप 2 मधुमेहाचं एकच असं जनुक मात्र नाही. शेकडो ठिकाणचे बारीक फरक, प्रत्येकाचा वाटा थोडा. याला अपवाद 'मोडी' (MODY) या मधुमेहाच्या प्रकाराचा. तिथं एकाच जनुकात बिघाड असतो, तो आईकडून किंवा वडिलांकडून प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी, आणि शुगर बहुधा पंचविशीच्या आतच दिसते. आपल्याकडं मामाची मुलगी करण्याची रीत आहे, तिलाही लोक शुगरसाठी बोल लावतात. जवळच्या नात्यातल्या लग्नाचा खरा धोका आईवडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच होणाऱ्या आजारांचा. टाइप 2 चं खापर त्या लग्नावर फोडण्यात फारसा अर्थ नाही.

दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि तिच्यावरचं मोठं काम पुण्यात झालंय. गर्भात उपासमार झाली की शरीर काटकसरीनं घडतं आणि पुढं मधुमेहाकडं झुकतं, हे हेल्स आणि बार्कर या संशोधकांनी 1992 मध्ये मांडलं होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची गरोदर होण्याआधीपासून नोंद ठेवली. तिथली बाळं जन्मताना सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. पुण्याच्या बाळांचे स्नायू कमी होते, पण पाठीवर खांद्याच्या हाडाखालची कातडी चिमट्यात धरून मोजली तेव्हा कळलं की चरबी त्या मानानं टिकून होती. बाहेरून किडकिडीत, आतून चरबीदार!

हे मोठेपणीही दिसतं. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा जोडीनं फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. तेव्हा "मी तर काठीसारखा, मला कुठली शुगर?" हा युक्तिवाद आपल्या माणसाला परवडणारा नाही.

पुण्याजवळच्या गावांतल्या त्याच अभ्यासात, ज्या आयांच्या रक्तात बी-12 जीवनसत्त्व कमी आणि फोलेट (फोलिक ॲसिडच्या गोळ्यांतून मिळतं ते जीवनसत्त्व) जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं जास्त आढळली. म्हणून फोलिक ॲसिडच्या गोळ्या बंद करायच्या, असं मात्र नाही. बाळाच्या मणक्यासाठी त्या लागतातच. बी-12 कडंही बघायचं, एवढंच. ते दूध, दही, अंडी, मासे, मटणातून मिळतं, भाजीभाकरीतून नाही. पोरीबाळींच्या ताटात दूध-दही शेवटी उरलं तरच पडतं, अशी घरं आपल्याकडं आजही आहेत.

मग घराण्यातली कुठली आणि पोटातली कुठली, हे ओळखायचं कसं? एका माणसाकडं बघून नाही ओळखता येत. बहुतेकांत दोन्ही असतात. संशोधकांनी सख्ख्या भावंडांकडं पाहिलं. अमेरिकेतल्या पिमा जमातीत आईला मधुमेह झाल्यावर जन्मलेल्या मुलांत, त्याआधी जन्मलेल्या त्यांच्याच भावंडांपेक्षा मधुमेह जास्त आढळला. आईबाप तेच, तरी फरक पडला. जनुकं तर भावंडांना सारख्याच सोडतीतून मिळतात. बदललं होतं ते आईचं रक्त.

म्हणून डॉक्टरांना घराण्याचा इतिहास सांगताना "आईला शुगर आहे" एवढ्यावर थांबू नका. तुम्ही पोटात असताना ती होती का, तुमचं जन्माचं वजन किती होतं, हेही सांगा. आणि घरात सून किंवा लेक गरोदर असेल तर 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी होणारी तपासणी चुकवू नका. आकडा 140 किंवा वर गेला तर गरोदरपणातला मधुमेह धरून लगेच उपचार सुरू होतात.