पॉलिमर क्ले उन्हात वाळत नाही

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदरपर्यंत हौशी कलाकारांत एक समज पक्का बसलाय: कानातली वगैरे घडवायची पॉलिमर क्ले ही नैसर्गिक माती, दोन दिवस कडक उन्हात ठेवली की झालं. हे साफ चूक आहे. तिचा मूळ पदार्थ पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिक. सोबत मऊपणा देणारं द्रव्य आणि रंग. तिच्यात पाणीच नसतं, मग वाळणार काय? कच्चं कानातलं आठवडाभर खिडकीत ठेवा, नखाने दाबलं तर खूण उमटतेच. ओव्हनमध्ये साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअसवर कण एकमेकांत मिसळतात, तेव्हाच ती घट्ट होते. जाळू मात्र नका, धूर घातक असतो.

तिचा जन्मही कुंभाराच्या चाकावरचा नाही. जर्मनीतल्या बाहुलीकार केथे क्रूझे यांनी बाहुल्यांच्या डोक्यांसाठी असा पदार्थ पारखला, पण तो त्या कामाला जमला नाही. त्यांची मुलगी सोफी, लाडाने फिफी, हिने त्यावर चिकाटीने काम केलं. मला या गोष्टीतलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर कंपनीने त्या पदार्थाचा हक्क घेतला आणि ‘फिमो’ या नावाने तो बाजारात आला. अमेरिकेतली स्कल्पी ही पॉलिमर क्लेही १९६०च्या दशकातलीच.

घरीच सुकणारी हवी असेल, तर दुकानात एअर ड्राय क्ले मागा. ती वेगळी.