कुरुकुरू : ओशनियाच्या एका जागेची गोष्ट

उझबेकिस्तानात झालेल्या २०२४ च्या फुटसाल (म्हणजे छोट्या कोर्टावर पाच-पाच जणांनी खेळायचं फुटबॉल) विश्वचषकात ओशनिया खंडाची एकमेव जागा न्यूझीलंडने मिळवली. तो देश या स्पर्धेत पहिल्यांदाच खेळला. त्याआधीच्या सलग चार विश्वचषकांत ही जागा सॉलोमन बेटं या पॅसिफिक महासागरातल्या देशाकडे होती. २००९ च्या जनगणनेत या देशाची लोकसंख्या सव्वापाच लाखही भरली नव्हती, म्हणजे आपल्याकडचा एखादा मध्यम जिल्हासुद्धा त्याहून मोठा. संघाचं टोपणनाव कुरुकुरू. मराठी कानाला त्यात कुरकुर ऐकू येते, पण या संघाने कुरकुर करावी असे प्रसंग आले तेव्हा तो खेळतच राहिला.

ही जागा त्यांना मिळाली कशी, हे समजून घ्यायला ऑस्ट्रेलियाकडे जावं लागतं.

फिफाचा पहिला फुटसाल विश्वचषक १९८९ मध्ये नेदरलँड्समध्ये झाला. तेव्हापासून २००४ पर्यंतच्या पाचही स्पर्धांत ओशनियातर्फे गेला तो ऑस्ट्रेलिया. मोठ्या मैदानावरही तोच दबदबा होता. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाने अमेरिकन सामोआला ३१-० असं हरवलं, आणि त्या सामन्यानंतर जिंकणाऱ्यांनाच प्रश्न पडला की यातून आपल्याला मिळतंय काय? बेटांवरच्या संघांवर गोलांचा पाऊस पाडायचा आणि मग विश्वचषकाच्या दारात दक्षिण अमेरिकेच्या संघाशी दोन सामन्यांत नशीब आजमावायचं, याला ते कंटाळले होते. २००६ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलिया ओशनिया सोडून आशियाई महासंघात गेला.

जाण्यापूर्वी फुटबॉल विश्वचषकाच्या ओशनियातल्या पात्रता फेरीत त्याची शेवटची गाठ पडली ती नेमकी सॉलोमन बेटांशी. सप्टेंबर २००५ मध्ये ऑस्ट्रेलिया सिडनीत ७-० ने आणि मग सॉलोमनच्या राजधानीत, होनियारात, २-१ ने जिंकला. पहिला आकडा अपेक्षितच होता, दुसरा नव्हता. त्याच्याही आधी, २००४ मध्ये, अॅडलेडला कॉमिन्स मेनापीच्या दोन गोलांच्या जोरावर सॉलोमनने ऑस्ट्रेलियाला २-२ असं रोखलं होतं. अंतर्गत यादवीतून देश नुकता सावरत होता आणि २००३ मध्ये शेजारी देशांची शांतिसेना येऊन थांबली होती. अशा दिवसांत ती बरोबरी किती मोठी वाटली असेल, ते वेगळं सांगायला नको.

म्हणजे खेळाची आवड होतीच, वरची जागाही रिकामी झाली. पण फुटसालच का? माझा अंदाज होनियाराच्या भूगोलावरून आहे. दुसऱ्या महायुद्धात ग्वादलकनाल बेटावर अमेरिकनांनी जो तळ उभारला, त्याच्याभोवती ही राजधानी वाढली. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला लगेच टेकड्या आणि मधे सपाट जमिनीची चिंचोळी पट्टी. लॉसन तामा मैदानातही प्रेक्षक टेकडीच्या उतारावर बसून सामना बघतात. अशा गावात अकरा-अकराचं मैदान सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. थोड्या जागेत चेंडू पायाशी ठेवून दोघांना चकवायची सवय मात्र पोरांना आपोआप लागते.

फुटसाल जन्माला आलं तेही जागेच्या अडचणीतूनच. १९३० च्या सुमारास उरुग्वेत माँतेव्हिदेओच्या वायएमसीएमध्ये हुआन कार्लोस सेरियानी यांनी बंदिस्त कोर्टावर खेळता येईल असं फुटबॉल बेतलं. पाच-पाच खेळाडू, चाळीस बाय वीस मीटरचं कोर्ट, कमी उसळणारा चेंडू, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, आणि चेंडू थांबला की घड्याळही थांबतं. मुंबई-पुण्यात रात्री तासाच्या भाड्याने टर्फवर जे खेळतात ते याचं चुलत भावंड. २०१६ मध्ये रोनाल्डिन्यो गोव्याच्या संघातून प्रीमियर फुटसाल ही भारतातली लीग खेळून गेला, पण भारताचा पुरुष राष्ट्रीय संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो थेट २०२३ मध्ये.

सॉलोमनचा संघ तोवर चार विश्वचषक खेळून मोकळा झाला होता. पहिला होता २००८ चा, ब्राझीलमध्ये. प्रशिक्षक डिक्सन कडाऊ आणि खेळाडूंमध्ये विशीच्या आतली पोरं. गटात यजमान ब्राझील, रशिया, जपान आणि क्यूबा. ब्राझीलने २१-० ने हरवलं, रशियाने ३१-२ ने. पुन्हा तोच ३१! चाळीस मिनिटांच्या खेळात ३१ गोल म्हणजे दर सत्त्याहत्तर सेकंदांना एक. प्रत्येक वेळी चेंडू जाळ्यातून काढायचा, मध्यावर नेऊन ठेवायचा आणि पुन्हा सुरुवात करायची. त्यातले नऊ गोल एकट्या पुलाचे होते, जन्माने ब्राझीलियन असलेल्या रशियन खेळाडूचे. चार सामन्यांत मिळून सॉलोमनवर ६९ गोल झाले आणि त्यांनी केले सहा. लोकांना ३१ लक्षात राहतात. मला त्याच सामन्यातले दोन जास्त मोलाचे वाटतात.

कारण चार वर्षांनी थायलंडमध्ये हेच कुरुकुरू पुन्हा आले. रशिया पुन्हा गटात, आणि पुन्हा हार, पण १६-०. कोलंबियाकडून ११-३. तिसरा सामना ग्वाटेमालाशी होता. ग्वाटेमालाने आधी कोलंबियाला हरवलेलं असल्याने त्यांना गटात दुसरं यायला नुसती बरोबरी पुरे होती. सॉलोमन ४-३ ने जिंकलं. विश्वचषकातला त्यांचा हा पहिला विजय. तिन्ही संघांचे तीन-तीन गुण झाले, गोलफरकावर कोलंबिया पुढे गेला आणि थेट उपांत्य फेरीत पोचला. कोलंबियाने होनियाराला एक आभाराचं पत्र धाडायला हरकत नव्हती.

पुढच्या दोन स्पर्धांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. २०१६ मध्ये कोलंबियात ब्राझीलियन प्रशिक्षक जुलियानो श्मेलिंग यांच्या हाताखाली संघ खेळला, विजय नाही. २०२१ मध्ये लिथुआनियात जायला पात्रता स्पर्धाच खेळावी लागली नाही. कोविडमुळे ती रद्द झाली आणि आधीचे विजेते म्हणून सॉलोमनचं नाव गेलं. तिथे थायलंडला चार गोल मारूनही ९-४ अशी हार आणि पोर्तुगालकडून ७-०. नशीब बघा : चारपैकी तीन स्पर्धांत पुढे विश्वविजेता ठरलेला संघ यांच्याच गटात होता. २००८ मध्ये ब्राझील, २०१६ मध्ये अर्जेंटिना, २०२१ मध्ये पोर्तुगाल. २००८ च्या त्या पोरांमधला एलियट रागोमो २०२१ मध्ये कर्णधार होता.

मग न्यूझीलंडने फुटसालकडे गांभीर्याने पाहायला सुरुवात केली आणि ती जागा गेली. न्यूझीलंडचा संघ उझबेकिस्तानात गटातले तिन्ही सामने हरला. ग्वाटेमालासारखा दिवस त्यांच्या वाट्याला अजून यायचाय.