मोटरसायकल ट्रायल

मोटरसायकल ट्रायल : खडक, ओढे, चिखल, झाडांची मुळे आणि उभे चढ यांतून आखून दिलेल्या अरुंद वाटेवरून, जमिनीला पाय न टेकता आणि गाडी बंद न पडू देता मोटरसायकल पार नेण्याची स्पर्धा. चालक जवळजवळ सर्व वेळ फुटरेस्टवर उभा असतो आणि गाडीचा वेग बहुधा माणसाच्या चालीइतकाच असतो. ज्याचे दोषांक सर्वांत कमी, तो विजयी. घड्याळाला दुय्यम स्थान. मोटोक्रॉस आणि एंड्युरो हे याच कुळातले खेळ असले तरी त्यांत वेग मोजला जातो. ट्रायलमध्ये मोजला जातो तो तोल.

नाव व उगम : ‘ट्रायल’ म्हणजे चाचणी. विसाव्या शतकाच्या आरंभी ही चाचणी गाडीची असे, चालकाची नव्हे. त्या वेळच्या पुष्कळ गाड्यांना गिअर नसत, क्लच नसे आणि इंजिनाची शक्ती चामडी पट्ट्याने मागच्या चाकाला पोचवली जाई. हा पट्टा पावसात घसरे. साधा चढ चढून जाणे हीच मोठी परीक्षा होती. ब्रिटनमध्ये १९०३ साली स्थापन झालेला ऑटो-सायकल क्लब (पुढे ऑटो-सायकल युनियन) आणि ठिकठिकाणचे स्थानिक क्लब यांनी लांब पल्ल्याच्या विश्वासार्हता-चाचण्या भरवण्यास सुरुवात केली. नेमून दिलेली सरासरी राखत मुक्कामी पोचायचे, असा त्यांचा सर्वसाधारण नियम. वाटेतील काही अवघड चढांवर निरीक्षक उभे असत. कोण थांबला, कोण उतरून गाडी ढकलू लागला, कोणी पाय मारून गाडीला हातभार लावला, याची ते नोंद करत. पाय टेकणे हा दोष मानण्याची कल्पना या नोंदींतून आली असावी.

आजच्या अर्थाचा ट्रायल नेमका केव्हा सुरू झाला, याबद्दल मतभेद आहेत. एक पक्ष स्कॉटिश सिक्स डेज ट्रायलला आद्य मानतो. स्कॉटलंडमधील ही स्पर्धा १९०९ मध्ये पाच दिवसांची म्हणून सुरू झाली, १९११ पासून सहा दिवसांची झाली आणि महायुद्धे, महामारी अशा कारणांनी पडलेले खंड वगळता आजही भरते. परंतु तिच्या पहिल्या आवृत्त्या मुख्यतः रस्त्यांवरच्या आणि यंत्राच्या टिकाऊपणाच्या होत्या. नाव तेच राहिले, खेळ मात्र आतून पालटत गेला. दुसरा पक्ष स्कॉट ट्रायलकडे बोट दाखवतो. यॉर्कशरमधील शिप्ली येथील मोटरसायकल उत्पादक आल्फ्रेड अँगस स्कॉट यांनी १९१४ मध्ये आपल्या कारखान्यातील कामगारांना डोंगराळ, दलदलीच्या वाटेने बर्नसॉल गावापर्यंत गाडी नेण्याचे आव्हान दिले. त्यातून ही स्पर्धा जन्मली. रस्ता सोडून मुद्दाम आडवाटेला शिरण्याची वृत्ती येथे स्पष्ट दिसते. मात्र या स्पर्धेत दोषांक व वेळ दोन्ही मोजले जातात. सर्वांत वेगवान चालकाच्या वेळेच्या तुलनेत इतरांना वेळेचे दोषांक दिले जातात. त्यामुळे शुद्ध ट्रायलचा पूर्वज म्हणून तिची गणना करण्यात अडचण येते.

या दोन्ही मतांपेक्षा १९२४ मधील एका घटनेचा पुरावा अधिक बोलका वाटतो. इंग्लंडच्या दक्षिण भागात, सरी परगण्यातील कँबर्ली येथील क्लबाने स्कॉट ट्रायलच्या धर्तीवर स्पर्धा ठरवली, पण निरीक्षणाचे टप्पे गाळून केवळ वेळेवर निकाल लावायचे योजले. निरीक्षण नसेल तर तिला ‘ट्रायल’ म्हणता येणार नाही, असे ऑटो-सायकल युनियनने ठरवले, असे सांगतात. तेव्हा तिला ‘स्क्रँबल’ हे नवे नाव मिळाले. आजचे मोटोक्रॉस याच शाखेतून फुटले. म्हणजे १९२४ पर्यंत निरीक्षण हेच ट्रायलचे व्यवच्छेदक लक्षण ठरलेले होते. म्हणून एखाद्या विशिष्ट स्पर्धेला जन्मतिथी बहाल करण्यापेक्षा १९०९ ते १९२४ या काळात खेळ हळूहळू आकाराला आला, असे मानणे अधिक सयुक्तिक.

याच काळात १९१३ साली इंग्लंडमधील कार्लाइल येथे आंतरराष्ट्रीय सहा दिवसीय ट्रायल सुरू झाली. ती यंत्रपरीक्षेच्या मूळ वाटेनेच पुढे गेली आणि १९८१ पासून तिच्या नावातही ‘ट्रायल’च्या जागी ‘एंड्युरो’ आले. १९२७ मध्ये या स्पर्धेत मार्जरी कॉटल, ईडिथ फोली व लुई मॅक्लीन या तीन स्त्रियांच्या ब्रिटिश संघाने आंतरराष्ट्रीय रौप्य कलश जिंकला. खेळाच्या इतिहासात ही नोंद अनेकदा एका ओळीत आटोपली जाते. तिला याहून जास्त मान मिळायला हवा.

सेक्शन व दोषांक : स्पर्धेचा मार्ग अनेक सेक्शनांत विभागलेला असतो. सेक्शन म्हणजे दोन्ही बाजूंनी फीत किंवा बाणांच्या खुणा लावून बंदिस्त केलेला, काही मीटर ते काही दशक मीटर लांबीचा तुकडा. पुढच्या चाकाचा आस आरंभीची खूण ओलांडतो तेव्हापासून शेवटची खूण ओलांडेपर्यंत निरीक्षक चालकावर नजर ठेवतो. पाय न टेकता पार झाल्यास शून्य. याला ‘क्लीन’ म्हणतात. एकदा पाय टेकल्यास १, दोनदा टेकल्यास २, तीन किंवा अधिक वेळा कितीही टेकले तरी ३. गाडी पडली, खुणेबाहेर गेली, चालक उतरला किंवा सेक्शन अर्धवट राहिले तर ५.

तीन आणि पाच यांमधील हे अंतर खेळाचा प्राण आहे. तीनदा पाय टेकून झाल्यावर चौथ्यांदा टेकण्याची शिक्षा नसते, म्हणून अडचणीत सापडलेला चालक दोन्ही पायांनी रेटत, धडपडत का होईना, शेवटची खूण गाठण्याचा प्रयत्न करतो. उलट पहिला पाय टेकण्याच्या बेतात असलेल्याला तो एक दोषांक वाचवण्यासाठी गाडी पाडण्याचा, म्हणजे पाच दोषांकांचा धोका पत्करायचा की नाही, हे क्षणार्धात ठरवावे लागते. दोषांक सारखे झाले तर ज्याचे क्लीन अधिक तो वर. काही क्लबांत आरंभापासून ज्याने सर्वांत जास्त अंतर निर्दोष राखले त्याला प्राधान्य मिळते.

खरा वाद आहे तो थांबण्याविषयी. जुन्या ब्रिटिश रीतीप्रमाणे सेक्शनमध्ये गाडी सतत पुढे सरकत राहिली पाहिजे; थांबली की ५. युरोपच्या मुख्यभूमीवर, विशेषतः स्पेनमध्ये, थांबून तोल सावरण्यास व गाडी जागेवर उड्या मारत वळवण्यास मुभा देण्याकडे कल राहिला. पहिल्या नियमाने वाट निवडण्याची नजर आणि लय यांना महत्त्व येते, दुसऱ्याने कसरतीला. मोटरसायकल खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ च्या जागतिक स्पर्धेत न थांबण्याचा नियम लागू केला. निरीक्षकाला मात्र ‘थांबला’ आणि ‘थांबल्यासारखा वाटला’ यांत फरक करणे फार कठीण जाते. क्लबपातळीवर न थांबण्याची रीत अधिक योग्य वाटते, कारण तीत सेक्शने सोपी व सुरक्षित ठेवूनही चुरस टिकते.

यंत्र : ट्रायलची गाडी पाहताच ओळखू येते. तिला नावापुरतीही बैठक नसते, टाकी दोन-तीन लिटरांची आणि वजन साधारण ६५ ते ७५ किलो. हँडल उंच व वळणाला मोकळे, फुटरेस्ट खाली व किंचित मागे, इंजिनाखाली दगडांचा मार झेलणारी पत्र्याची ढाल. क्लच व पुढचा ब्रेक दोन्ही एका बोटाने चालवता येतात. इतर बोटे हँडलवरची पकड सोडत नाहीत. चालक पडला तर इंजिन तत्काळ बंद व्हावे यासाठी मनगटाला बांधलेल्या दोरीचा खटका असतो.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ट्रायलसाठी ३५० ते ५०० सीसीच्या, एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक गाड्या वापरत. मागच्या चाकाला स्प्रिंग नसे. स्प्रिंग असेल तर चाकाची पकड सुटेल, असा समज दीर्घकाळ होता. रॉयल एनफील्डने १९४८ मध्ये मागे झुलता दांडा व शॉकअॅब्सॉर्बर असलेली बुलेट ट्रायलमध्ये उतरवली तेव्हा जाणकारांनी तिच्याकडे संशयाने पाहिले. १९५२ मध्ये जॉनी ब्रिटनने तशाच गाडीवर स्कॉटिश सिक्स डेज जिंकल्यावर हा संशय मावळू लागला.

पुढचा मोठा पालट एका माणसाशी जोडलेला आहे. बेलफास्टमध्ये जन्मलेला सॅमी मिलर हा चालक एरियल या ब्रिटिश कंपनीच्या ५०० सीसी गाडीवर वर्षानुवर्षे अजिंक्य होता. ‘जीओव्ही १३२’ या नोंदणी क्रमांकानेच ती गाडी ओळखली जाते. १९६४ च्या अखेरीस त्याने स्पेनमधील बुल्ताको कंपनीशी करार केला आणि तिचे संस्थापक फ्रान्सेस्क बुल्तो यांच्या शेतावर हलकी टू-स्ट्रोक गाडी घडवली. हे काम अवघ्या १२ दिवसांत झाले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. मूळ आराखडा तेवढ्यात ठरला असेल, पण नंतरच्या सुधारणा धरता हा आकडा जपूनच घ्यावा. परिणामाबद्दल मात्र शंका नाही. १९६५ मध्ये मिलरने या शेर्पा गाडीवर स्कॉटिश सिक्स डेज जिंकली. ब्रिटनबाहेरच्या गाडीचा तेथील हा पहिला विजय मानला जातो. जड फोर-स्ट्रोक गाड्या काही वर्षांत मागे पडल्या. स्पेनमधील मोन्तेसा कंपनीची कोता, तेथीलच ओसा कंपनीची चालक मिक अँड्रूज याच्या नावाची गाडी आणि पुढे यामाहाची टीवाय या सर्व त्याच वाटेने आल्या. स्कॉट यांच्या स्वतःच्या गाड्याही टू-स्ट्रोकच होत्या, म्हणजे एका अर्थाने खेळ आपल्या एका मूळपुरुषाकडे परतला.

इंजिनाविषयी एक गोष्ट नेहमी दुर्लक्षित राहते : फ्लायव्हील, म्हणजे प्रचक्र. शर्यतीच्या गाडीत ते हलके हवे, कारण इंजिनाने झटकन वेग घ्यावा. ट्रायलमध्ये ते तुलनेने जड ठेवतात. जड प्रचक्र मंद गतीतही फिरत राहते, त्यामुळे ओल्या खडकावर चाक एकदम निसटत नाही आणि इंजिन सहजी बंद पडत नाही. शिवाय ते ऊर्जेचे कोठार असते. उभ्या खडकासमोर चालक क्लच दाबून इंजिन चढवतो, गुडघे वाकवून शॉकअॅब्सॉर्बर दाबतो आणि एका क्षणी क्लच सोडतो. प्रचक्रात साठलेली ऊर्जा, दबलेल्या स्प्रिंगची उसळी आणि शरीराची झेप एकत्र आली की गाडी आपल्या उंचीहून अधिक उंच कड्यावर चढते. केवळ इंजिनाच्या अश्वशक्तीने हे साधले नसते.

टायरही तितकेच महत्त्वाचे. मागचा टायर मऊ रबराचा, १८ इंची रिमवर बसणारा व ट्यूबविरहित असतो. पुढचा २१ इंची. मागच्या टायरमध्ये हवेचा दाब ०.३ ते ०.४ बार, म्हणजे रस्त्यावरच्या गाडीच्या सुमारे सहाव्या-सातव्या हिश्शाइतकाच. एवढ्या कमी दाबाने टायर दगडाच्या कंगोऱ्याभोवती हातासारखा लपेटतो. दाब आणखी उतरवला तर रिम दगडावर आपटते किंवा टायर रिमवरून सरकतो. मोटोक्रॉसच्या टायरसारखे खोल, विरळ खिळे येथे नियमाने वर्ज्य आहेत. गठ्ठे उथळ, चौकोनी व जवळजवळ असतात, त्यामुळे जमीनही कमी उकरली जाते.

१९८० च्या दशकात मागचे दोन शॉकअॅब्सॉर्बर जाऊन एक आला, ड्रमच्या जागी डिस्क ब्रेक आले, आणि पाण्याने थंड होणारी इंजिने रूढ झाली. त्याच काळात एडी लेजून याने होंडाच्या फोर-स्ट्रोक गाडीवर १९८२ ते १९८४ सलग जागतिक विजेतेपद मिळवले. २००५ च्या सुमारास मोन्तेसाने इंधन-इंजेक्शनची फोर-स्ट्रोक कोता आणली. बाकीचे बहुतेक उत्पादक टू-स्ट्रोकवरच ठाम आहेत.

क्लब स्पर्धा : खेळाचा पाया क्लब आहे. आखणी करणारे सभासद आदल्या दिवशी दगड-ओढ्यांतून सेक्शने बांधतात. एकाच सेक्शनमध्ये वेगवेगळ्या रंगांच्या बाणांनी नवख्यांसाठी सोपी व निष्णातांसाठी अवघड वाट दाखवतात. त्यामुळे शाळकरी मूल आणि साठी ओलांडलेला गडी एकाच दिवशी, एकाच ओढ्यात स्पर्धा करू शकतात. बहुधा १० सेक्शने व तीन-चार फेऱ्या असतात. गाडी घालण्याआधी चालक सेक्शन पायी फिरून पाहतात : कोणता दगड हलतो, कोठे चाक टेकवायचे, घसरलोच तर कोणत्या बाजूला. निरीक्षक स्वयंसेवक असतात. पावसात दिवसभर एका जागी उभे राहून ते चालकाच्या कार्डावर छिद्र पाडतात. त्यांच्याविना हा खेळ एक दिवसही चालणार नाही. १९६५ पूर्वीच्या गाड्यांसाठी व दोन शॉकअॅब्सॉर्बरच्या गाड्यांसाठी स्वतंत्र गट असतात, म्हणून जुनी यंत्रे संग्रहालयात न जाता चिखलात राहिली आहेत.

जागतिक स्पर्धा : युरोपीय विजेतेपद १९६८ मध्ये व जागतिक विजेतेपद १९७५ मध्ये सुरू झाले. पहिला विजेता ब्रिटनचा मार्टिन लँपकिन. १९७९ पर्यंतची पाचही विजेतेपदे बुल्ताकोवर मिळवली गेली. १९७९ चा विजेता बर्नी श्रायबर हा एकमेव अमेरिकी विजेता. सायकल-ट्रायलमधून आलेल्या जॉर्दी तारेसने १९८७ ते १९९५ दरम्यान सात विजेतेपदे घेतली आणि जागेवर उड्या मारत गाडी वळवण्याचे तंत्र रूढ केले. मार्टिनचा मुलगा डगी लँपकिन १९९७ ते २००३ सलग सात वेळा विजेता होता. टोनी बोऊ याने २००७ ते २०२४ सलग १८ विजेतेपदे मिळवली. बंदिस्त सभागृहातील जागतिक स्पर्धा १९९३ पासून व स्त्रियांची २००० पासून भरते. स्त्रियांमध्ये स्पेनच्या लाया सान्सने अनेक विजेतेपदे मिळवली आहेत.

२०१७ मध्ये विजेवरच्या गाड्यांसाठी आंतरराष्ट्रीय चषक सुरू झाला. विजेच्या मोटरला क्लचची गरज नसते, तरी ट्रायलच्या काही विद्युत गाड्यांत तो मुद्दाम बसवला आहे, कारण खडकासमोर ऊर्जा साठवून ती एका क्षणात सोडण्याची सोय चालकांना हवीच असते.