टपाल तिकिटांचा संग्रह (कोल्हापूर)

टपाल तिकिटे, टपालाचे शिक्के व टपालातून फिरलेली पाकिटे जमवून अभ्यासण्याचा छंद. ‘फिलाटेली’ हा शब्द १८६४ मध्ये फ्रान्समध्ये घडवला गेला. मराठीत ‘मुद्रांक’ हा शब्द काही जण टपाल आणि महसूल अशा दोन्ही तिकिटांना लावतात. तो न्यायालयीन व महसुली तिकिटांपुरता राखणे बरे. कोल्हापुरातला बराचसा गोंधळ या शब्दातूनच होतो.

करवीर संस्थानाची स्वतःची टपाल तिकिटे होती, असा समज आढळतो. टपाल तिकिटे काढणाऱ्या संस्थानांत भोरचे नाव १८७९ च्या सुमारापासून येते, कोल्हापूरचे येत नाही. येथील पत्रांवर ब्रिटिश हिंदुस्थानची तिकिटे लागत. संस्थानाची होती ती कोर्ट फी व महसुली तिकिटे. जुन्या ट्रंकेत खरेदीखते किंवा दाव्यांच्या कागदांवर चिकटलेली सापडतात ती बहुधा हीच. कोर्ट फी तिकीट रद्द करताना साधारणपणे त्याला भोक पाडत, त्यामुळे ते भोक दोष नसून वापराची खूण असते. अशा तिकिटांना या शास्त्रात जागा द्यावी की नाही, याबद्दल पूर्वी दुमत होते. आता प्रदर्शनांत त्यांचा वेगळा वर्ग असतो, आणि कोल्हापूरच्या संग्राहकाने तरी ती वगळू नयेत.

सातव्या एडवर्डच्या १९०६ च्या अर्धा व एक आण्याच्या तिकिटांवर ‘टपाल व महसूल’ असे दोन्ही शब्द इंग्रजीत आले. तेच तिकीट पाकिटावर चाले आणि पावतीवरही. शाईची आडवी सही असलेला नग बहुधा पावतीवरचा असतो. टपालाचा गोल शिक्का असलेल्या नगापेक्षा संग्राहक त्याला कमी मोल देतात.

जुने म्हणजे मौल्यवान, हे गृहीतक टिकत नाही. १८४० ची ब्रिटनची ‘पेनी ब्लॅक’ सुमारे ६.८ कोटी छापली गेली; ती पहिली असली तरी दुर्मिळ नाही. पंचम व षष्ठ जॉर्जची नेहमीच्या वापरातली लहान किमतीची तिकिटे तर अल्बमांत ढिगाने असतात. तिकिटांच्या छापील किंमतसूचीतली (कॅटलॉगमधली) सर्वांत खालची किंमत विक्रेत्याच्या हाताळणीची असते, तिकिटाची नव्हे. विकायला गेल्यास तेवढीही मिळेलच असे नाही. फरक पडतो तो दंतुर कडा, चित्राचे मध्यस्थान, डिंक आणि जलचिन्ह (कागदातच उमटवलेली खूण) यांनी. हिंदुस्थानच्या तिकिटांत १८६५ च्या कागदात हत्तीचे मस्तक, १८८० च्या दशकापासून तारा, नाशिकला छपाई सुरू झाल्यावर म्हणजे १९२६ च्या सुमारास अनेक तारे. तिकीट काळ्या पृष्ठावर पालथे ठेवले की चिन्ह उमटून दिसते.

तिकीट सोडवायचे तर भोवतीचा कागद ठेवून कापावे, कोमट पाण्यात सुटू द्यावे आणि टिपकागदावर पालथे वाळवावे. काही रंग पाण्यात उतरतात. कोल्हापूरचा शिक्का व तारीख स्पष्ट असलेले जुने पाकीट मात्र कापू नये. सुट्या तिकिटापेक्षा त्याला बहुधा अधिक भाव येतो.

स्वातंत्र्योत्तर तिकिटांत स्थानिक आस्थेचे म्हणजे १९७९ चे राजर्षी शाहू छत्रपतींचे २५ पैशांचे तिकीट. आस्था मोठी, भाव साधा. येथील पावसाळ्यात न वापरलेल्या तिकिटांचा डिंक पानाला धरतो, म्हणून ती पाकीटवजा पारदर्शक पट्टीत ठेवून अल्बम उभा ठेवतात.